अठरा चुलींचं आवतण

अठरा घरांनी अठरा शून्यं पाठवली होती. उद्या कामिनीचं लग्न, आज मांडवाचा दिवस, आणि ब्राह्मणपुरीतली सगळी भाऊबंदकी मोबाइलवरून एका सुरात कळवत होती की आमच्याकडून कोणीही येणार नाही.

दामिनी मांडवाखाली उभी राहून यादी वरून खाली आणि खालून वर वाचत होती. महिन्यापूर्वी तिनेच मोठ्या हौसेने तो फॉर्म बनवला होता: 'आपल्या घरून किती व्यक्ती येणार, कृपया आकडा लिहावा.' म्हसावदच्या वरपक्षाने आकडा लिहिला, रनाळ्याच्या मामांनी लिहिला, सुरतेच्या मावशीने तर लहान मुलं वेगळी दाखवून लिहिला. भाऊबंदकीचे रकाने तेवढे कोरे होते. एका गल्लीतली माणसं, राहून गेलं असेल, असं तिला वाटलं. काल संध्याकाळी पहिलं शून्य आलं, ते चुनीलाल आबांच्या घरचं. त्यानंतर सकाळपर्यंत बाकीची सतरा आली, आणि तीही घरांच्या मानाप्रमाणे, एकापाठोपाठ एक. रुसायचं तरी क्रमाने रुसायचं, एवढी शिस्त या भाऊबंदकीत अजून शिल्लक होती.

माणसं मोजणं दामिनीच्या अंगात मुरलेलं होतं. अकरा वर्षं तिने शहादा आगारात वाहक म्हणून काढली. तिचा नवरा दिनेश त्याच आगारात चालक होता. तो अचानक गेला, त्याच्या जागी तिला नोकरी मिळाली आणि पंचविसाव्या वर्षी गळ्यात तिकिटांचं मशीन आलं. गाडीत पाय ठेवला की पहिल्या सीटपासून मागच्या बाकापर्यंत नजर फिरेस्तोवर तिच्या डोक्यात आकडा तयार असायचा. "बाई, कोठे बठू?" असं विचारत चढणाऱ्या म्हाताऱ्याला कोणाच्या शेजारी बसवलं तर भांडण होणार नाही, हेही तिला त्याच नजरेत कळायचं. या दोन गोष्टींच्या जिवावर तिने अडीच महिन्यांपूर्वी राजीनामा लिहून दिला आणि लोकांची लग्नकार्यं उभी करून देण्याचा धंदा मांडला. 'इव्हेंट मॅनेजमेंट' हा शब्द गावाने आठ दिवस चघळला, मग थुंकून टाकला. एक निवृत्तीचा सत्कार आणि एक बारसं तिने निभावलं होतं. लग्न हे पहिलंच, आणि तेही सख्ख्या बहिणीचं. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात. त्यात घरचंच लग्न धंद्याचा पहिला नमुना म्हणून अंगावर घेणारी बाई एकतर फार हुशार असते नाहीतर फार भोळी. दामिनी त्या दिवशी दोन्हीपैकी कोण होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

राजीनामा सोमवारी मंजूर व्हायचा होता. तोवर तो मागे घेता येत होता, आणि ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती.

"बाई, डगळा कव्हय येतीन?" फुलसिंगने विचारलं. धडगावकडचा हा पावरा आदिवासी माणूस सहा वर्षं तिच्या गाडीवर चालक होता. निवृत्त झाला तसा जनरेटर आणि गाड्या सांभाळायला तिच्याबरोबर आला. "मांडव नागडा दिसी ऱ्हायना."

खरंच दिसत होता. लोखंडी सांगाड्यावर पांढरं कापड ताणलेला मांडव शहाद्याहून आला होता आणि दिसायला झकास होता. पण ब्राह्मणपुरीत कापडाला मांडव म्हणत नाहीत. मांडवाच्या दिवशी दहाच्या आत अठरा घरांचे पुरुष जांभळाचे, आंब्याचे डगळे, म्हणजे हिरव्या डहाळ्या, तोडून आणतात, बायका हळद कुटायला बसतात, तेव्हा कुठे तो मांडव होतो. आता साडेअकरा वाजत आले होते. गल्लीत कुत्रंही फिरकलं नव्हतं.

तेवढ्यात चुनीलाल आबा येताना दिसले. मागे त्यांचा मुलगा ललित. दोघांच्याही हातात डहाळी नव्हती.

*

चुनीलाल आबा दामिनीच्या वडिलांचे थोरले भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर, धोतर अजून स्वतःच्या हाताने धुणारे. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पंगतीत कोणी कुठे बसायचं ते आबा ठरवत, आणि आबांनी "बठा" म्हटल्याशिवाय कोणी पहिला घास उचलत नसे. उद्या म्हसावदची वरात मांडवाच्या तोंडाशी येईल, तेव्हा सामोरं जाऊन व्याह्याला मिठी मारायचा मानही त्यांचाच होता. तो मान घ्यायला आबा उभे नसले, तर वरपक्ष आत पाऊल टाकणार नव्हता. ज्या घराला भाऊबंद विचारत नाहीत त्या घरची पोर कोण नेणार, असं साधं गणित होतं.

ओट्यावर हेमकांत आप्पांनी, म्हणजे दामिनीच्या वडिलांनी, भावासाठी सतरंजी टाकली. आतून पाण्याचा तांब्या आला.

"पानी नको," आबा म्हणाले. "पानी पेवाले मी नही ऊनू."

आप्पांचा चेहरा उतरला. सख्ख्या भावाने दारात येऊन पाणी नाकारलं, याच्यापुढे बोलायचं काय उरतं. ते खांबाला टेकून उभे राहिले आणि दामिनीकडे बघू लागले, जणू तांब्या तिनेच चुकीच्या हाताने दिला होता.

आबांनी ललितकडे हात केला. ललितने मोबाइल काढून तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. शाळेतल्या मराठीतलं ते वाक्य ओट्यावर फार परकं वाटलं.

"आपल्या घरून किती व्यक्ती येणार," आबांनी शेवटचे शब्द पुन्हा म्हटले. "दामिनी, मन्हा बापना वखतपासून आपला घरमा कोनी असं इचारं का? जेवाले येनारा मान्से मोजतस नही. मोजतस ते ढोरे."

"आबा, अन्न वाया जाऊ नये म्हनीसन इचारं व्हतं. कितली बट्टी टाकानी, कितलं वरन..."

"कमी पडनं व्हतं का कधी?"

पडलं नव्हतं. वरण-बट्टीच्या त्या जेवणात कमी पडायला लागलं की भाऊबंदकीचीच माणसं हात आखडता घेत, कारण ती वाढणारी असत आणि सगळ्यांच्या शेवटी जेवत. दामिनीला हे ठाऊक होतं. लहानपणापासून बघितलेली गोष्ट माणूस धंद्यात पडल्यावर कशी विसरतो, याचं तिला आत्ता ओट्यावर उभं राहून नवल वाटलं आणि लाजही वाटली.

"आनी आवतन कोठे शे?" आबांनी विचारलं. "फोनवर आवतन देतस का? मन्हा चुलीले कोनी बोट लावं?"

भाऊबंदकीत आवतण माणसाला देत नाहीत, चुलीला देतात. मांडवाच्या आदल्या दिवशी घरची सवाष्ण कुंकू घेऊन अठरा घरं फिरते, प्रत्येक चुलीला बोट लावते आणि "चूल बंद" म्हणते. तिथून लग्नाचं जेवण उरकेपर्यंत त्या घरात काही शिजत नाही. आबा या बाबतीत इतके कडक, की आप्पांच्या लग्नात एका चुलतभावाने बंद चुलीवर चहा टाकला तर आबांनी ते पातेलं गल्लीत उपडं केलं होतं आणि वर्षभर त्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. माय काल सकाळी निघाली होती कुंकू घेऊन. दामिनीनेच तिला अडवलं होतं: गुडघे सुजलेत, ऊन मी म्हणतंय, सगळ्यांना फोनवर कळवलंय, तू बस. जसोदाबाई बसल्या. त्यांना ते पटलं नव्हतं, पण गुडघ्यांना पटलं होतं.

"चुकी मन्ही शे, आबा," दामिनी म्हणाली. "मायनी नही."

"चुकी चुकी काय करी ऱ्हायनी?" इतका वेळ मागे थांबलेला ललित एकदम बोलला. "वीस वरीस झायात, या गावमा एक बी पंगत मन्हाबिगर उठनी नही. वरननी बादली मन्हा हातमा ऱ्हास. आते तुन्हा भाडाना मान्से येतीन, टोप्या घालीसन वाढतीन. आनी मी काय करू? ताट धरीसन लाइनमा उभा ऱ्हाऊ?"

त्याचा आवाज शेवटी फाटला. चाळीस वर्षांचा हा चुलतभाऊ एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. केळीच्या बागेत तो जेमतेमच होता आणि भाषणं त्याला जमत नसत. पण उकळत्या वरणाची बादली घेऊन तो पंगतीतून निघाला की दोनशे पानांत एक थेंब बाहेर पडत नसे, आणि सगळा गाव "ललित, आठे, ललित, आठे" करत असे. ते तेवढंच त्याचं राज्य होतं. दामिनीने ते शहाद्याच्या वीस वाढप्यांना एका फोनवर देऊन टाकलं होतं आणि तिच्या मनातही आलं नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुले इचारानं राही गयं."

"राही गयं," ललित म्हणाला आणि गल्लीकडे बघत बसला.

*

आबांनी घसा साफ केला. आता जे बोलायचं होतं त्यासाठीच ते आले होते.

"दामिनी, मी तुन्हा दुश्मन नही. दिनेश गया तव्हय धुयाथून त्याले मीच आनेल व्हतं." हे खरं होतं. त्या दिवशी आबा धुळ्याहून शववाहिकेत पुढे बसून आले होते आणि तीन दिवस जेवले नव्हते. "तुले नोकरी लागनी, चार मान्से म्हनेत बाईमानूस गाडीवर जाई का, तव्हय बी मी बोलनू, जावू द्या. पोट शे. पन हाई येगळं शे. लगीनना कारभार शे हाऊ. मांडवना पहिला खांब तू उभा करं. हयदनं ताट तू सजाडं. ज्या हातले कुकू नही, तो हात नवरीना कामले लागाले नको."

म्हणजे आकड्याचा राग खरा होता, आवतणाचा राग खरा होता, पण तळाशी ही गोष्ट होती. दामिनीला ती ऐकून धक्का बसला नाही. अकरा वर्षं ती त्या वाक्याची वाट बघत होती आणि गाडी उशिरा आली एवढंच.

"मंग काय करानं म्हनतस, आबा?"

उत्तर आबांनी दिलं नाही. आप्पांनी दिलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि उलगडून तिच्यापुढे धरला.

"सही कर, बेटा," ते म्हणाले. "दादा म्हनस, तू सही करी तं अठरा घर दुपारलेच येतीन."

कागदावर सुबक टाइप केलेलं होतं: 'मी माझा राजीनामा स्वखुशीने मागे घेत असून पूर्ववत वाहक पदावर काम करण्यास तयार आहे.' खाली तिचं नाव होतं आणि सहीसाठी जागा सोडलेली होती. सहीबरोबर बाकीचंही ठरलेलं होतं, ते आप्पांनी मान खाली घालून सांगितलं. शहाद्याचे वाढपी परत जातील. दामिनी आज आणि उद्या मागच्या खोलीत बसेल. सोमवारी ड्युटीवर जाईल.

"आप्पा, हाऊ कागद कव्हय बनाडा?"

ललितची मान आणखी वळली, त्यावरून टाइप कोणी केलं ते कळलं. पण दामिनीला ललितचा राग आला नाही. राग आला तो बापाच्या खिशाचा. सकाळपासून तो माणूस तिच्याबरोबर खुर्च्या लावत हिंडत होता, 'हाई रांग सरळ शे ना, बेटा' म्हणून विचारत होता, आणि सगळा वेळ हा कागद त्याच्या छातीवर होता.

आतल्या दारात कामिनी येऊन उभी राहिली. उद्याची नवरी, तेवीस वर्षांची, हातावर मेंदी वाळत असलेली. दामिनीने तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं आणि तिच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी स्वतःच्या पगारातले पैसे घातले होते. ती आपल्या बाजूने बोलेल असं दामिनीला वाटलं, आणि माणसाने असं काही वाटून घेऊ नये.

"आक्का," कामिनी म्हणाली, "सही करी टाक ना. वरात मांडवना तोंडथून फिरी गयी तं मी कोठे जावू?"

दामिनीने बहिणीकडे बघितलं. पोर रडत नव्हती, घाबरलेली होती. दामिनीला तिथेच ओट्यावर बसावंसं वाटलं. सही केली तर काय बिघडणार होतं? शहादा-नंदुरबार, प्रकाशामार्गे, सकाळची पहिली फेरी, संध्याकाळची शेवटची. चांगली नोकरी होती, कोणी वाईट वागलं नव्हतं. पण त्या गाडीच्या स्टिअरिंगसमोर तिला रोज दिनेशची पाठ दिसायची. चालक बदलले, गाड्या बदलल्या, पाठ तीच. अकरा वर्षं नवऱ्याच्या मरणाची जागा भरून काढल्यावर तिला एकदा स्वतःची जागा हवी होती. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं आणि ओट्यावर सांगण्यासारखंही नव्हतं.

"पेन दे, भाऊ," ती ललितला म्हणाली.

ललितने खिशाला हात लावला, पण पेन काढलं नाही.

"कागद आठे आन," आतून आवाज आला.

जसोदाबाई बाहेर आल्या, पदर कपाळाखाली ओढून, एका हाताने भिंत धरत. चाळीस वर्षांत त्या थोरल्या दिरासमोर एक शब्द बोलल्या नव्हत्या आणि आजही बोलणार नव्हत्या. जे बोलायचं ते त्या लेकीकडे तोंड करून बोलत. त्यांनी आप्पांच्या हातातून तो कागद घेतला, ओट्यावर पसरला, हाताने सुरकुत्या काढल्या. आता माय आपला हात धरून सही करून घेणार, असंच दामिनीला वाटलं. मायने कमरेचा कुंकवाचा करंडा काढला आणि कागदाच्या मधोमध, बरोबर 'स्वखुशीने' या शब्दावर, सगळा उपडा केला. मग चार बाजूंनी घड्या घालून घट्ट पुडी बांधली.

"ऊठ," त्या दामिनीला म्हणाल्या. "अठरा घर शेत. ऊन उतराना पहिले फिरी येवूत."

आबा सावरून बसले. "हेमकांत, तिले सांग. ती एकलीनी जावानं. दामिनी नही."

"तुन्हा आबासले सांग," जसोदाबाई लेकीला म्हणाल्या, "मन्हा गुडघा एकला चालस नही. धराले कोनी तरी लागस."

आप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बायकोने त्यांच्याकडे एकदाच बघितलं आणि त्यांनी ते मिटलं.

*

पहिलं घर मानाप्रमाणे आबांचंच. आबा अजून तिकडे ओट्यावर होते. घरात गुलाबबाई एकट्या होत्या, चुनीलाल आबांच्या मंडळी, दामिनीच्या मोठ्या माय. दुपारच्या भाकरींचं पीठ त्यांनी परातीत काढलेलं होतं आणि गॅसवर तवा तापत होता. बारा वाजून गेले तरी तवा रिकामाच तापवत त्या का उभ्या होत्या, ते त्यांनाच माहीत.

जसोदाबाईंनी पुडी सोडली. गुडघ्यावर हात टेकत शेगडीजवळ गेल्या.

"थांब, जसोदा," गुलाबबाई म्हणाल्या. "लगीनना कारभार कोना हातमा शे?"

जसोदाबाईंच्या आधी दामिनीने उत्तर दिलं. "मन्हा, मोठी माय."

"मंग आवतन बी तूच दे."

"आबा म्हनतस..."

"आबा काय म्हनतस ते माले पन्नास वरीसपासून ऐकू येस." गुलाबबाईंनी गॅस कमी केला. "मन्ही छातीमा गाठ निंघनी व्हती, तव्हय पाच महिना दर मंगयवारे मी नंदुरबारले जाये. तुन्हा आबासनी केळी कापाई ऱ्हायंती. ललितले सांगाले माले लाज वाटे. पहिली गाडी, पुढनी सीट, खिडकीनी बाजू. कोनी राखी ठेये ती सीट? परतताना माले वकारी होये, तव्हय कोन धरे मन्हं कपाय? कोना हात व्हता तो?"

ती गोष्ट तिने आजवर मायलाही सांगितली नव्हती, कारण मोठ्या मायने तसं वचन घेतलं होतं. जसोदाबाई जावेकडे बघत राहिल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

"त्या हातमा काय खोट शे ते माले नही दिसनं," गुलाबबाई म्हणाल्या. त्यांनी दामिनीचं मधलं बोट धरलं, पुडीत बुडवलं आणि शेगडीच्या बटणाजवळ नेऊन सोडलं. उरलेलं अंतर त्यांनी तिच्यावर ठेवलं.

दामिनीने कुंकू लावलं. अकरा वर्षांत तिच्या बोटाला कुंकू लागलं नव्हतं. सवय मोडली होती, त्यामुळे टिळा जरा लांबला.

"म्हन," गुलाबबाई म्हणाल्या.

"चूल बंद," दामिनी म्हणाली.

गुलाबबाईंनी तवा उतरवला, बटण फिरवलं आणि खाली वाकून सिलिंडरचं रेग्युलेटरही बंद केलं.

त्या तिघी वळल्या तर दारात आबा उभे. उन्हातून चालत आलेले, घामाघूम. त्यांनी आधी काही पाहिलं नसावं, कारण त्यांनी रोजच्या आवाजात सांगितलं, "चहा ठेव."

"चूल बंद शे," गुलाबबाई म्हणाल्या.

आबांची नजर शेगडीवर गेली. तो लांबट टिळा त्यांनी पाहिला, मग दामिनीचं लाल बोट पाहिलं. दामिनीला वाटलं, आता हे पुढे येऊन पुसतील. पुसलं असतं तर विषय तिथेच संपला असता. आबा खरंच दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी हात उचलला. पण आवतण लागलेल्या चुलीचं कुंकू पुसायचं म्हणजे काय, हे सगळ्या गावाला शिकवणारा माणूस तोच होता. पातेलं गल्लीत उपडं करणारा हात तोच होता. तो हात थोडा वेळ हवेत राहिला आणि मग त्यांनी त्याने कपाळाचा घाम पुसला. त्यांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले.

"जाऊ दे," गुलाबबाई म्हणाल्या. "सुंभ जळस तरी पीळ जळस नही. चाला, मी बी येस."

सतरा घरं फिरायला तीन तास लागले. मोठी माय बरोबर आहे म्हटल्यावर कोणी दार लावून घेतलं नाही. तिसऱ्या घरी मात्र सुनेचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं होतं, आणि तिची सासू अवघडून म्हणाली, "जसोदाभाभी, आठे तुम्हीच लावा ना." दामिनीने पुडी मायच्या हातात दिली आणि ती अंगणात जाऊन उभी राहिली. तिला वाईट वाटलं, ते तिने लपवलं नाही. पुढच्या घरी तिनेच लावलं.

*

पाचच्या सुमाराला ललितचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत जांभळाचे डगळे काठोकाठ भरलेले आणि वर सहा-सात भाऊबंद बसलेले. तो खाली उतरला, दामिनीपाशी आला आणि बघायचं म्हणून कापडाच्या मांडवाकडे बघत म्हणाला, "कागद मीच टाइप करेल व्हता."

"माहीत शे," दामिनी म्हणाली. "वरननी बादली कोठे शे, ते तुले माहीत शे ना?"

ललितने मान डोलावली. अर्ध्या तासात शहाद्याचे टोपीवाले वाढपी त्याच्यापुढे ओळीने उभे होते आणि तो त्यांना बादली मनगटावर कशी तोलायची ते शिकवत होता. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हाताखाली वीस माणसं आली होती. बायकांनी उखळं मांडली. कामिनी हळद लावून घ्यायला बसली, तेव्हा तिने गर्दीत बहिणीला शोधलं आणि नजर खाली घातली. दामिनीने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. राग होताच, पण तो ठेवून द्यायला लग्नानंतर पुष्कळ दिवस होते. आप्पा एकटेच खुर्च्या सरळ करत होते. त्यांच्याशी ती बोलली नाही, आणि त्यांनीही तिला हाक मारायचं धाडस केलं नाही.

मांडवाच्या तोंडाशी फुलसिंग हातातलं मोजायचं यंत्र घेऊन उभा होता. माणूस आत आला की कट्, आत आला की कट्. दामिनीने जाऊन त्याच्या हातावर हात ठेवला.

"ठेवी दे, फुलसिंगदादा."

"मंग बट्टी कितली टाकानी, बाई?"

"अठरा चुली बंद शेत. त्याना हिशोबे टाक."

दिवस मावळायला आला. बट्टी तुपातून निघाली, पानं मांडली गेली, अठरा घरं मांडवात आली आणि उभीच राहिली. टेबलं होती, खुर्च्या होत्या, पण बसा म्हणणारा माणूस नव्हता. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. वरण गार व्हायला लागलं. आप्पा दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन परत आले. आबा दुपारपासून मारुतीच्या पारावर बसलेत, असं कोणीतरी सांगितलं. पारावर त्यांना दोघांनी घरी चहाला बोलावलं होतं आणि मग आपल्याही घरी चूल बंद आहे हे आठवून ओशाळून निघून गेले होते. दामिनीला उद्याची वरात दिसत होती: बँड, घोडा, मांडवाचं मोकळं तोंड. मायच्या कमरेला खोचलेली ती पुडी आता रिकामी होती, नुसता लाल झालेला कागद. सोमवार अजून उजाडायचा होता. सही करायला तो कागद चालला नसता, पण कागद काय, दुसराही मिळाला असता.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली. आबा आले होते.

ते हळूहळू आत आले. चेहरा सुकलेला, ओठ कोरडे. पांढऱ्या कापडाची टेबलं, रांगेने लावलेल्या खुर्च्या, वर बांधलेले जांभळाचे डगळे, सगळं त्यांनी एकदा नजरेखालून घातलं. जमिनीवरच्या पंगतीत कोणाचं पान कुठे, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. या खुर्च्यांमध्ये त्यांना सुरुवात कुठली आणि शेवट कुठला तेच कळेना. आप्पा लगबगीने पुढे झाले, पण आबा त्यांच्यापाशी थांबले नाहीत. ते चालत दामिनीसमोर येऊन उभे राहिले. तिने घाई केली नाही. थांब्यावर म्हातारं माणूस चढत असताना घंटी वाजवायची नसते.

"मन्हा घरनी चूल बंद शे," आबा म्हणाले. "कोठे बठू?"

दामिनीने त्यांच्या कोपराखाली हात दिला आणि त्यांना पहिल्या रांगेतल्या टोकाच्या खुर्चीपाशी नेलं. तिथून सगळी पंगत दिसत होती, आणि मांडवाचं तोंडही. आबांनी तिच्या हाताला धरूनच बूड टेकलं, पाण्याचा पेला उचलून घटाघटा रिकामा केला आणि मग उभ्या असलेल्या अठरा घरांकडे वळून ते म्हणाले, "बठा."